वाढत्या पायाचं माप

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत रूपा सहाशे मीटरला पहिली आली, तेव्हा तिच्या पायांत काहीच नव्हतं. बाकीच्या सात जणींच्या पायांत रंगीबेरंगी बूट होते. असोद्याची ही तेरा वर्षांची काटकी पोरगी फ्रॉकवजा गणवेशाची पट्टी कमरेला खोचून उभी राहिली आणि शिट्टी वाजल्यावर अशी सुटली की दुसरी आलेली मुलगी वीस पावलं मागे राहिली. रेषा ओलांडून ती थांबली आणि उजवी टाच दोन्ही हातांत धरून मातीत बसली. टाळ्या वाजत होत्या आणि पोरगी ओठ दाबून बसली होती.

खेळाच्या दिपमाला मॅडमनी टाच दाबून पाहिली. रूपा कळवळली.

"किती दिवस दुखतंय?"

"पावसाळ्यापासून, मॅडम."

मॅडम दुसऱ्याच दिवशी भिकनला शोधत केळीच्या बागेत आल्या. भिकन म्हणजे रूपाचा बाप. शिंदखेड्याकडचा माणूस, पंधरा वर्षांपूर्वी बायकोला घेऊन केळी कापायच्या कामाला इकडे आला आणि इथलाच झाला. बोलणं मात्र त्यानं तिकडचंच ठेवलं होतं. आता तो टोळीत मापाचं काम करायचा. बाहेरदेशी जाणाऱ्या केळीची जाडी लोखंडी मापानं बघायची, भरली असेल त्या घडाला खूण करायची, मग मागून कापणारे येणार. हे काम टोळीतल्या प्रत्येकाला जमत नाही. भिकननं खूण केलेला घड बारीक म्हणून माघारी आला, असं कधी झालं नव्हतं, आणि ही गोष्ट भिकन दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायचाच.

बांधावर झाडाच्या सावलीत टाकी मांडली होती. भिकनची बायको पुष्पाबाई आणि आणखी दोघी तिथं फण्या धूत होत्या. मॅडमनी दोघा नवराबायकोला जवळ बोलावलं.

"पोरीचं वाढीचं वय आहे. या वयात टाचेचं हाड नाजूक असतं. आणि ही रोज डांबरीवर अनवाणी पळते. जिल्ह्याची स्पर्धा महिन्यावर आली. चांगले बूट नसतील तर मी तिला उतरवणार नाही. शाळेत कुणीतरी दिलेले दोन जोड आलेत, त्यातला एखादा बघते."

भिकननं हातातलं माप बंडीला पुसलं.

"मॅडम, मनी पोर दुसरानं दिधेल बूट घालीसन पयनार नही. मी लई देस."

"तसं नाही हो भिकनभाऊ, शाळेचेच आहेत ते."

"शाळाना असोत. मी लई देस."

पुष्पाबाई फणी धुता धुता हसली. नवऱ्याच्या मानेची ती शीर तिला ठाऊक होती. ती एकदा ताठ झाली की केळीचा ट्रक अंगावर आला तरी माणूस बाजूला होत नसे.

रविवारी भिकन एकटाच जळगावला गेला. पोरीला नेलं नाही. तिला एकदम आणून दाखवायचं होतं. बाजारातल्या मोठ्या काचेच्या दुकानात शिरताना त्यानं दारातच चपला काढल्या. आतल्या पोरानं "राहू द्या, काका" म्हटलं आणि बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली, तसा तो कानापर्यंत तापला. मग त्यानं आवाज जरा मोठाच काढला. धावायचे बूट पाहिजेत. पोरगी तेरा वर्षांची. तालुक्यात पहिली.

"नंबर?"

नंबर भिकनला कुठून माहीत असणार? दुकानातल्या पोरानं अंदाजानं चारचा जोड काढला. भिकननं तो हातावर तोलला. घरी पोरीची म्हणून जी वस्तू यायची, ती वाढत्या अंगाची यायची. फ्रॉक घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग धाकट्या चुलतबहिणीला. स्वेटरच्या बाह्या दोन वर्षं दुमडलेल्या. त्याच्या आईनं त्याला असंच वाढवलं होतं आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

"दोन नंबर मोठा दे," तो म्हणाला. "वाढतं आंग शे."

ते बूट निळे होते. कडेला पांढरी पट्टी. असोद्याच्या बसमधून उतरल्यावर घरापर्यंत चार मिनिटांची वाट होती. भिकनला त्या दिवशी पाऊण तास लागला. खोक्याचं झाकण त्यानं सात ठिकाणी उघडलं. पिठाच्या गिरणीपाशी, दूध डेअरीपाशी, आणि टोळीचा मुकादम जीवराम याच्या ओट्यावर तर बूट बाहेर काढून उलटा करून तळसुद्धा दाखवला.

रूपानं पाय घातला, तशी तिची टाच आत खालीवर झाली. पुढं बोटभर नव्हे, दोन बोटं जागा. पुष्पाबाईनं ते पाहिलं आणि कोनाड्यातून कापूस आणला. सरकी काढलेल्या स्वच्छ कापसाचे दोन गोळे करून तिनं बुटांच्या टोकात दडपले.

"आते बठी गयं," ती म्हणाली.

"दोन वरीस चालतीन," भिकन म्हणाला. "दख, पयी दखाड."

रूपा अंगणातून रस्त्यापर्यंत पळून आली. बापाकडं बघून हसली. तिला तसं हसू आलंही असेल. घरात पहिल्यांदा कुणासाठी तरी असले बूट आले होते.

पण पुढच्या दहा दिवसांत दिपमाला मॅडमच्या हातातलं घड्याळ उलटंच सांगायला लागलं. अनवाणी पळणारी रूपा बुटांत मागं पडत होती. कापूस घामानं भिजून दगडासारखा घट्ट व्हायचा आणि मग एका बाजूला सरकायचा. पाय आत पुढं घसरायचा, बोटं त्या गोळ्यावर आदळायची, टाच मागं सुटायची. वळणावर तर पाय एकीकडे आणि बूट दुसरीकडे. टाचेचं दुखणं होतं तिथंच होतं, वर हे नवं. मॅडमनी दोनदा विचारलं, "बूट नीट बसतात ना?" रूपानं दोन्ही वेळा मान हलवली.

जीवरामच्या नजरेतून काही सुटत नसे. एका सकाळी पोरगी रस्त्यानं पळत गेली आणि तो बागेच्या कडेनं ओरडला, "काय रे भिकन, पोरगी धावू राह्यली का बूट धावू राह्यले?"

टोळी हसली. भिकनही हसला, पण ते हसू लवकर आटपलं.

"जिल्हामा पहिली यी, मंग सांग," तो म्हणाला आणि पुढच्या घडाकडं वळला.

स्पर्धेला नऊ दिवस राहिले होते. पुष्पाबाई दुपारी जेवायला घरी आली आणि पाण्यात भिजत घातलेले मोजे चोळायला घेतले. पाणी लाल झालं. तिनं मोजा उलटा केला, टोकाशी वाळलेलं रक्त होतं. शनिवारची सकाळची शाळा सुटून रूपा आल्या आल्या तिनं तिला ओट्यावर बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडलेली. डाव्याचं तर हलत होतं.

"काब्रं सांगं नही, माय?"

पुष्पाबाईनं तिच्या पायांत चपला सरकवल्या, हाताला धरलं आणि तशीच बागेत नेली. टोळी जेवायला बसली होती. भाकरीचा तुकडा भिकनच्या हातात होता.

"दख," पुष्पाबाई म्हणाली. "पोरनं नख काळं पडी गयं. मोजामा रगत शे."

सगळ्यांच्या देखत बोलायला नको होतं, हे तिला बोलल्यावर कळलं. जीवरामनं मान खाली घातली आणि उगाच पाण्याच्या घागरीशी काहीतरी करू लागला. भिकननं पोरीच्या पायाकडं पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं. त्याला वाटलं, कुणीतरी भर चौकात आपली पगडी काढून घेतली. आणि त्याहून वाईट हे वाटलं, की पोरगी आपल्याला भिते.

"चाल," तो उठत म्हणाला. "बूट लई ले. जळगाव जाऊत."

काचेच्या दुकानात तो परत गेला नाही. निघताना दिपमाला मॅडमना फोन करून त्यानं दुसऱ्या दुकानाचं नाव विचारून घेतलं होतं. मेहरूणकडं जाणाऱ्या रस्त्यावर सुभाषचंद शेठचं जुनं दुकान. शेठ मारवाडी जैन, सत्तरी ओलांडलेला. दुकानात चामड्याचा तुकडा ठेवायचा नाही हा त्याच्या वडिलांचा नेम, म्हणून हे घराणं आधी कापडी बूट विकायचं आणि मग धावण्या-खेळण्याच्या बुटांत मुरलं. दोघं पोचले तेव्हा तीन वाजले होते. शेठनं आधी निळे बूट हातात घेतले. आतला कापूस दोन बोटांनी काढून टेबलावर ठेवला. मग बूट दोन्ही हातांनी धरून वाकवला. तो चवड्यापाशी वाकण्याऐवजी मधोमध मोडल्यासारखा वाकला.

"भाऊ, बूट बोटं वळतात तिथं वाकायला पाहिजे. मधून वाकला तर पायाला आधार कसला?" शेठ म्हणाला. "आणि हा हिचा नंबर नाही."

"वाढतं आंग शे, शेठ," भिकन म्हणाला. या वेळी ते त्याच्याच कानाला पोकळ लागलं.

शेठ हसला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत म्हणाला, "आत्ता माप घेणार नाही. दिवसभर चालून पाय संध्याकाळी थोडा भरतो, तेव्हाचं माप खरं. तलाव इथंच आहे. एक फेरी हळूहळू चालून या. घाई करू नका."

मेहरूण तलावाच्या काठानं बापलेक चालले. थंडीचं ऊन होतं. शहरातली माणसं फिरायला आली होती, काहींच्या पायांत असे बूट की भिकन आता सगळ्यांचे पायच बघत होता.

"माले सांगानं व्हतं ना," अर्धी फेरी झाल्यावर तो म्हणाला.

रूपा पाण्याकडं बघत म्हणाली, "तुम्ही बठ्ठा गावले बूट दखाडात, नाना. मी सांगं असतं तर तुम्हले कसं वाटतं?"

भिकन चालायचा थांबला. पोरगी दहा दिवस रक्ताळलेल्या बोटांनी पळत होती, ती शर्यतीसाठी नव्हे. बापाचं नाक वर राहावं म्हणून. त्याला एवढा राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. काठच्या कठड्यावर तो बसला. तिलाही बसवलं.

"केळनं माप मी रोज लेस," तो म्हणाला. "तुना पायनं एकडाव बी लिधं नही. चूक मनी शे. ऐकं का? मनी. आते दुखनं का त्याच दिनले सांगानं. मी कोनसंगे बी बसेल असो."

"बठ्ठासनासमोर?" सगळ्यांच्या देखत सांगायचं, यावर तिचा विश्वास बसेना.

"बठ्ठासनासमोर."

फेरी पुरी करून ते दुकानात आले तेव्हा दिवे लागले होते. शेठनं रूपाला धुतलेले जाड मोजे दिले. "धावताना घालतेस तसे घाल, बेटा. आता या कागदावर उभी राहा. बसून नाही, उभी. सगळा भार पायांवर."

आणि मग सुभाषचंद शेठ गुडघ्यांवर हात टेकत खाली फरशीवर बसला. पांढरं धोतर पसरलं, पेन्सिल घेतली आणि रूपाच्या पायाला हात लावला. भिकन एकदम पुढं झाला.

"शेठ, पाय नका धरू! पोरगा शे ना दुकानमा, त्याले सांगा."

"का? पोरीचा पाय आहे. तो धरल्यानं माझं काय बिघडतं?" शेठ पेन्सिल फिरवत म्हणाला. "माप दुसऱ्यावर सोपवत नाही मी. तुम्ही तुमचं सोपवता का?"

मॅडमनी शेठलाही फोन केला असणार, त्याला भिकनचं काम कळलं होतं. जन्मात त्याच्या घरच्या माणसासमोर कुणी शेठ खाली बसला नव्हता. त्याच्या पोरीच्या पायाशी एक पांढऱ्या केसांचा माणूस बसला होता आणि तिच्या घोट्याकडं, टाचेकडं, बोटांकडं असं बघत होता, जसं भिकन घडाकडं बघायचा. तोंड वळवून तो बुटांच्या खोक्यांवरचे आकडे वाचायला लागला, त्यातला एकही त्याच्या डोक्यात गेला नाही.

"डावा मोठा आहे," शेठ म्हणाला. "सगळ्यांचा एक पाय मोठा असतो. मोठ्या पायाचा नंबर घ्यायचा."

चार जोड काढले. प्रत्येक वेळी शेठ पुढं अंगठ्यानं दाबून बघे: लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, जास्त नको. मग टाच मागून धरून हलवी. मग तिला दुकानासमोरच्या फुटपाथवर पळायला लावी. पहिले दोन बाजूनं घट्ट. तिसऱ्यात टाच सुटली. चौथा राखाडी होता, पट्टी नाही, चमक नाही. रूपा पळत गेली, वळली, परत आली आणि दारातच थांबून म्हणाली, "नाना, हाऊ बूट पायमा शे असं वाटसच नही."

"हाच," शेठ म्हणाला. "पण भाऊ, आधीच सांगतो. तिची उंची बघता सहा महिने जाईल. फार तर."

भिकनचा हात खिशात होता, तो तिथंच राहिला. सहा महिने. असोद्यात कुणाला सांगितलं तर हसतील. एवढा महाग बूट आणि सहा महिने.

शेठ खालूनच वर बघत म्हणाला, "तुम्ही घड कधी कापता, भाऊ? आज भरलेल्या घडाचं आजचं माप, असंच ना? पुढच्या महिन्यात केवढा होईल त्या हिशेबानं आज खूण करता का?"

भिकननं त्याच्याकडं पाहिलं. मग मोठ्यानं हसला, दुकानातला पोरगा दचकला एवढ्या मोठ्यानं.

"बांधा," तो म्हणाला.

निघताना शेठनं रूपाला नखं सरळ कापायला, टाचेला रात्री गार पाण्याची पट्टी ठेवायला आणि दोन दिवस नुसतं चालायला सांगितलं. निळे बूट त्यानं परत घेतले नाहीत, वापरलेले होते. ते घरी आले आणि दारात पडले. सकाळी पुष्पाबाई कामाला निघाली. सहज म्हणून तिनं त्यात पाय घातला आणि तशीच उभी राहिली. मग दुसराही घातला. सहा नंबर तिला असा बसला की जणू तिच्यासाठीच आणला होता. चाळीस वर्षं चिखलात, काट्यात आणि प्लॅस्टिकच्या चपलांत गेलेले ते पाय. पातळाखाली निळे बूट घालून ती बागेत आली तेव्हा टाकीवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

"हसा," पुष्पाबाई म्हणाली. "मी बी जिल्हाले जाई ऱ्हायनी."

स्पर्धेच्या दिवशी जीवरामनं टोळीला अर्धा दिवस सुट्टी दिली. तसं तो म्हणाला की ट्रकच उशिरा येणार आहे, पण ट्रक वेळेवर आलेला सगळ्यांनी पाहिला होता. मोटरसायकलींवर आठ माणसं जळगावच्या मैदानावर आली आणि केळीच्या चिकानं काळे पडलेले कपडे घालून दोरीपाशी उभी राहिली.

शिट्टी वाजली. पहिल्या वळणावर रूपा पाचवी होती. जीवराम ओरडत होता, पुष्पाबाई ओरडत होती. भिकन पोरीच्या तोंडाकडं बघतच नव्हता. तो टाचांकडं बघत होता. टाच खाली येत होती, बुटात घट्ट, आणि उचलली जात होती. कुठंही सुटत नव्हती. समोरच्या बाजूला ती तिसरी झाली. शेवटच्या वळणावर पाय एकीकडे आणि बूट दुसरीकडे असं काही झालं नाही. ती वळणावरच एकीला मागं टाकून दुसरी झाली. पहिली मुलगी उंच होती, तिला गाठायला आणखी चाळीस पावलं हवी होती. रूपा दुसरी आली. पहिल्या दोघी विभागाला, नाशिकला.

दिपमाला मॅडमनी धावत येऊन तिला उचललं. ती लंगडत नव्हती. टाचेला हात लावत नव्हती. लांबून बापाला शोधत होती, आणि भिकन दोरीखालून मैदानात शिरला तेव्हा कुणीतरी बिल्लेवाल्यानं त्याला अडवलं.

"ओ काका, कोण तुम्ही?"

"बाप," भिकन म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि बिल्लेवाला बाजूला झाला.

नाशिकला रूपा पाचवी आली. भिकननं असोद्यात सांगताना तेही आवाज न उतरवता सांगितलं. मग हिवाळा गेला, ऊन तापायला लागलं, आणि केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या. टोळीचं काम पहाटे पाचला सुरू व्हायला लागलं. शाळाही सकाळची झाली होती.

चैत्रातल्या एका दिवशी अकराच्या सुमाराला माल भरणं जोरात होतं. व्यापाऱ्याचा माणूस घड्याळ बघत उभा, ट्रकचा ड्रायव्हर कुरकुरत होता, जीवराम दोघांवर ओरडत होता, टाकीवरच्या बायकांचे हात थांबत नव्हते. बांधावरून रूपा येताना दिसली. दप्तर पाठीवर, उंची भिकनच्या खांद्याला लागलेली. ती थेट माणसांच्या मधोमध आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"नाना, बूट आखूड पडनात. अंगठा दुखस."

टोळी थांबली. भिकननं मान वर केली.

"कवयपासून?"

"आज. आजच दुखाले लागनं."

आज दुखायला लागलं आणि आज सांगायला आली. परक्या व्यापाऱ्यासमोर, ट्रकवाल्यासमोर, मुकादमासमोर. भिकन तिच्याकडं बघत राहिला. किती वाढली होती पोरगी, आणि कशी न भिता उभी होती.

"भिकन, अर्धा ट्रक राह्यला आहे," जीवराम म्हणाला. "काय करू राह्यला?"

भिकननं खांद्यावरचं फडकं झटकलं, पोरीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं आणि ट्रकच्या टपावरच्या माणसालाही कळावं म्हणून तोंडाशी हात धरून ओरडला,

"बठ्ठासनी ऐकं का रे? मनी पोरले बूट आखूड पडनात!"